‘स्वभावच तसा आहे’ असं लिहिण्याआधी



वर्षाच्या शेवटी प्रगतिपत्रकं भरायला बसलो की आपल्या पेनातून तीच ती वाक्यं उतरू लागतात. ‘लाजाळू आहे.’ ‘हट्टी आहे.’ ‘वर्गात बोलत नाही.’ ‘एका जागी बसत नाही.’ २०१० मध्ये आपल्या राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं आणि त्याबरोबर वर्णनात्मक नोंदी आल्या. ‘विशेष प्रगती’, ‘आवड व छंद’, ‘सुधारणा आवश्यक’ असे रकाने आले. म्हणजे मुलाच्या स्वभावाबद्दल लेखी काहीतरी म्हणणं हा आपल्या कामाचाच भाग झाला. पुढच्या वर्गाचे गुरुजी किंवा बाई ती नोंद वाचतात. घरी आई-वडील वाचतात. आणि तिसरी-चौथीपासून ते मूलही वाचतं.

म्हणून प्रश्न पडतो की स्वभाव येतो कुठून? आपल्या भाषेनंही याचा निकाल लावलेला नाही. एकीकडे आपण म्हणतो ‘मुलाचे पाय पाळण्यात दिसतात’, ‘खाण तशी माती’, ‘स्वभावाला औषध नाही’. दुसरीकडे म्हणतो ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’. गरज पडेल तशी आपण यातली एक म्हण उचलतो. पालक म्हणतात, “तो जन्मापासूनच असा आहे हो बाई.” आपण स्टाफरूममध्ये म्हणतो, “घरचं वळणच तसं आहे.” दोन्ही वाक्यं ऐकायला वेगळी, पण काम एकच करतात. दोन्हीमुळे बोलणाऱ्याची जबाबदारी संपते.

माझं म्हणणं असं की, या दोन्ही गोष्टी अर्ध्या-अर्ध्या खऱ्या आहेत, आणि अर्धं खरं प्रगतिपत्रकावर लिहिलं की ते मुलाला फार महागात पडतं. गेल्या साठ-सत्तर वर्षांत याविषयी जे कळलं आहे, ते आपण शिक्षकांनी नीट समजून घ्यायला हवं.

स्वभाव म्हणजे नेमकं काय?

हा शब्द आपण फार सैल वापरतो. खोटं बोलणं, उलट उत्तर देणं, डबा वाटून खाणं, हे सगळं आपण ‘स्वभावात’ घालतो. खरं तर या शिकलेल्या, पाहिलेल्या सवयी आहेत. अभ्यासक ज्याला जन्मजात स्वभाव म्हणतात, तो याच्या खालचा थर आहे. मूल किती चटकन दचकतं, किती हालचाल करतं, नव्या माणसाकडे झेपावतं की आईच्या पदराआड लपतं, भूक आणि झोप ठरल्या वेळी लागते की कधीही, राग आणि आनंद किती जोरात दाखवतं, एका कामाला किती वेळ चिकटून राहतं. थोडक्यात, मूल काय करतं यापेक्षा ते कसं करतं, हा स्वभाव.

न्यूयॉर्कमधले मानसोपचारतज्ज्ञ पती-पत्नी अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस यांनी १९५६ मध्ये याचा अभ्यास सुरू केला. १३३ मुलांना त्यांनी तान्हेपणापासून मोठेपणापर्यंत पाहिलं. त्या काळी मूल बिघडलं की आईला दोष द्यायची पद्धत मानसशास्त्रातही होती. या दोघांनी दाखवलं की अगदी पहिल्या काही महिन्यांतच बाळांमध्ये स्पष्ट फरक दिसतात. सुमारे ४० टक्के मुलं सांभाळायला सोपी होती, १० टक्के अवघड, १५ टक्के हळूहळू रुळणारी. उरलेली ३५ टक्के कुठल्याच गटात नीट बसत नव्हती. हा शेवटचा आकडा लक्षात ठेवा. तिघांतलं एक मूल कुठल्याच लेबलात मावत नाही.

जनुकांचा वाटा किती?

‘निसर्ग की संगोपन’ हा वाद ज्या नावानं आज ओळखला जातो, ते नाव रूढ केलं फ्रान्सिस गाल्टन यांनी. हे चार्ल्स डार्विन यांचे नात्यातले भाऊ. १८७५ मध्ये त्यांनी जुळ्या मुलांकडे पाहून हा प्रश्न सोडवता येईल असं सुचवलं. ती कल्पना पुढे पक्की झाली. एकसारखी दिसणारी जुळी एकाच फलित बीजांडापासून होतात, त्यामुळे त्यांची जनुकं जवळपास सारखीच असतात. दुसऱ्या प्रकारची जुळी इतर भावंडांसारखीच, त्यांची जनुकं सरासरी निम्मी जुळतात. पहिल्या प्रकारची जुळी एखाद्या गुणात दुसऱ्या प्रकारच्या जुळ्यांपेक्षा जास्त सारखी निघाली, तर त्या गुणात जनुकांचा वाटा आहे असा अंदाज बांधता येतो.

१९७९ पासून अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात थॉमस बुशार्ड यांनी तर लहानपणीच ताटातूट होऊन वेगवेगळ्या घरांत वाढलेल्या जुळ्यांचा शोध घेतला. वेगळे आई-बाप, वेगळं घर, वेगळी शाळा, आणि तरी स्वभावात बरंच साम्य आढळलं. २०१५ मध्ये जगभरातल्या पन्नास वर्षांच्या अशा २,७४८ संशोधन निबंधांची एकत्र बेरीज झाली. त्यात सुमारे १ कोटी ४५ लाख जुळ्यांच्या जोड्यांची माहिती होती. सगळे गुणधर्म मिळून आनुवंशिकतेची सरासरी निघाली ४९ टक्के.

म्हणजे जनुकांना नाकारून चालणार नाही. ‘मूल म्हणजे मातीचा गोळा, आपण घडवू तसं घडेल’ हे शिक्षक दिनाच्या भाषणात ऐकायला गोड वाटतं, पण ते खरं नाही. मूल वर्गात येतं ते आपला पिंड घेऊन.

आकडा वाचताना होणारी चूक

मात्र ४९ टक्के म्हणजे ‘या मुलाचा निम्मा स्वभाव जनुकांतून आला आणि निम्मा घरातून’ असा अर्थ होत नाही. एका मुलाच्या बाबतीत अशी वाटणी करताच येत नाही. शेताचं क्षेत्रफळ लांबीमुळे किती आणि रुंदीमुळे किती, असं विचारण्यासारखं ते आहे. हा आकडा माणसामाणसांतल्या फरकांबद्दल बोलतो.

जनुकशास्त्रज्ञ रिचर्ड लेवोंटिन यांनी यासाठी बियाण्याचा दाखला दिला होता. तो आपल्याकडच्या भाषेत सांगतो. ज्वारीचं सरमिसळ बियाणं घ्या. त्याच पिशवीतलं अर्धं काळ्याभोर, पाण्याखालच्या रानात पेरा आणि अर्धं मुरमाड माळावर. काळ्या रानात सगळ्या ताटांना खतपाणी सारखंच, तरी काही ताटं उंच होतील, काही बुटकी. हा फरक बियाण्याचा. माळावरही तसंच. पण काळ्या रानातली ज्वारी डोक्याइतकी आणि माळावरची कमरेइतकी, हा फरक कशाचा? तो पूर्ण मातीपाण्याचा. दोन्ही रानांत आतला फरक बियाण्याचा असूनही दोन रानांमधला फरक मात्र बियाण्याचा नाही.

हे नीट न समजल्यामुळे माणसांचं किती नुकसान झालं, याचं उदाहरण आपल्याच दारात आहे. १८७१ मध्ये इंग्रज सरकारनं गुन्हेगार जमाती कायदा केला. पुढे तो आपल्या मुंबई इलाख्यातही लागू झाला. जमातीच्या जमाती ‘जन्मजात गुन्हेगार’ ठरवल्या गेल्या. त्यांच्यावर हजेरीची सक्ती झाली, सोलापूरसारख्या ठिकाणी कुंपणाच्या आत सेटलमेंट उभ्या राहिल्या. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा शिक्का कायद्यानं पुसला, म्हणून आज आपण त्यांना विमुक्त म्हणतो. पण ‘त्यांच्या रक्तातच आहे’ हे वाक्य शाळांच्या व्हरांड्यात अजून ऐकू येतं की नाही, हे तुम्हीच सांगा. ज्या समाजाला माळावर ढकललं, त्याच्याच बियाण्याला नाव ठेवायचं! त्याच शिक्क्याखालच्या समाजात जन्मलेल्या लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ या आत्मकथनाला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. शाळेचं दार उघडलं तर काय होऊ शकतं, याला दुसरा पुरावा कशाला हवा?

एक जनुक, एक स्वभाव असं नसतं

मध्यंतरी वर्तमानपत्रांत ‘रागाचं जनुक सापडलं’, ‘नैराश्याचं जनुक सापडलं’ अशा बातम्या येत होत्या. २००३ मध्ये न्यूझीलंडच्या ड्युनेडिन शहरातल्या एका नामांकित अभ्यासातून असं पुढे आलं की, एका ठराविक जनुकाचा एक प्रकार असलेल्या माणसांवर आयुष्यातल्या ताणाचा परिणाम जास्त होतो आणि त्यांना नैराश्य येतं. त्यावर शेकडो निबंध लिहिले गेले. पुढे २०१९ मध्ये लाखो लोकांच्या माहितीवर अशा गाजलेल्या १८ जनुकांची तपासणी झाली, आणि त्या दाव्यांना आधार मिळाला नाही. आज एवढं नक्की दिसतं की स्वभावामागे हजारो जनुकीय फरक असतात आणि प्रत्येकाचा वाटा चिमूटभर. तेव्हा ‘तुमच्या मुलाचा स्वभाव आणि करिअर जनुकांवरून सांगतो’ अशी जाहिरात कुणी केली तर पालकांनी पैसे खिशातच ठेवावेत.

आणि आनुवंशिक म्हणजे अटळ, हाही गैरसमज. फेनिलकीटोन्युरिया नावाचा एक आजार पूर्णपणे जनुकीय आहे. शरीराला प्रथिनातला एक घटक पचवता येत नाही, तो साठत जातो आणि बाळाच्या मेंदूची कायमची हानी होते. उपाय काय? जन्मल्यावर लगेच रक्ताची तपासणी करून त्या घटकाचं प्रमाण अगदी कमी असलेला आहार द्यायचा. मूल इतर मुलांसारखं वाढतं. जनुक तेच राहिलं, ताटातलं अन्न बदललं आणि आयुष्य बदललं. कारण जनुकात असलं तरी उपाय भोवतालात असू शकतो.

परिस्थितीचा जोर

आता दुसरी बाजू. १९८९ च्या डिसेंबरमध्ये रुमानियातली चाउशेस्कूची राजवट कोसळली तेव्हा तिथल्या अनाथालयांमधली मुलं जगाला दिसली. खायला-प्यायला मिळत होतं, पण उचलून घेणारं, बोलणारं, आपलं असं माणूस नव्हतं. २००० मध्ये बुखारेस्टमध्ये अशा १३६ मुलांचा अभ्यास सुरू झाला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीनं त्यातली निम्मी मुलं पालक कुटुंबांकडे दिली. कुटुंबात गेलेली मुलं बुद्धीत, माणसं जोडण्यात पुढे गेली, आणि त्यातही दोन वर्षांच्या आत गेलेल्यांना जास्त फायदा झाला. जनुकं काहीही असोत, माणसाचा हात मिळाला नाही तर ती उमलत नाहीत.

पण ‘परिस्थिती’ म्हणजे फक्त घर, पैसा, आई-वडिलांचं शिक्षण एवढंच नाही. एकाच आईची दोन लेकरं इतकी वेगळी का, हा प्रश्न प्रत्येक घरात विचारला जातो. एकाच घरात वाढल्यामुळे भावंडांचे स्वभाव सारखे होतात, असा परिणाम अभ्यासांत फारच थोडा दिसतो. कारण एकच घर दोन मुलांसाठी एक नसतं. थोरल्यासाठी आई नवखी असते, धाकट्यासाठी सरावलेली. थोरल्याला ‘तू मोठा ना’ ऐकावं लागतं, धाकट्याला ‘दादाकडे बघ’. वडिलांचा तोच ओरडा एक मूल कानाआड करतं, दुसरं रात्री झोपेत त्यानं दचकतं.

वर्गाचंही तसंच. साठ मुलांसाठी आपण एकच तास घेतो असं आपल्याला वाटतं. खरं तर त्या खोलीत साठ वेगवेगळे तास चालू असतात.

दोन्ही धागे एकमेकांत कसे गुंततात?

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो हा मुद्दा. जनुकं आणि परिस्थिती या दोन वेगळ्या टोपल्या नाहीत. त्या तीन वाटांनी एकमेकींत मिसळतात.

पहिली वाट घरातून जाते. आई-वडील मुलाला जनुकंही देतात आणि घरही. वाचणाऱ्या आईच्या घरात पुस्तकं असतात आणि मुलीलाही वाचायचा कल असतो. चटकन चिडणाऱ्या बापाच्या घरात भांडणं असतात आणि मुलातही तो चटका असू शकतो. यातलं कशामुळे काय झालं, हे बाहेरून पाहून सांगता येत नाही. म्हणून ‘घरचे संस्कार नाहीत’ हा निकाल आपण फार सहज देतो.

दुसरी वाट मुलाच्या वागण्यातून जाते. हसऱ्या बाळाला शेजारीपाजारी उचलून घेतात, किरकिऱ्याला लवकर खाली ठेवतात. आपण फळ्याकडून वळून प्रश्न विचारतो तेव्हा आपली नजर कुणाकडे जाते? डोळ्यात चमक आणून हात वर करणाऱ्याकडेच. गप्प बसणाऱ्याला दिवसात एकही प्रश्न येत नाही आणि चुळबुळ करणाऱ्याला पंधरा वेळा नाव घेऊन दटावलं जातं. एकाच बाकावरची तीन मुलं, पण तिघांना मिळालेला शिक्षक वेगळा.

तिसरी वाट निवडीची. मूल मोठं होतं तसं आपल्या पिंडाला मानवणारी जागा शोधतं. कुणी मधल्या सुट्टीत मैदानावर पळतो, कुणी वाचन कोपऱ्यात जाऊन बसतो. ज्या जागा निवडल्या, त्या त्याला आणखी तसाच बनवतात.

उताराच्या रानात पहिल्या पावसाला पाणी बारीक ओघळानं वाहतं, ते तुम्ही पाहिलं असेल. पुढच्या पावसाला पाणी त्याच ओघळीतून जातं, ती खोल होते, आणि काही वर्षांत तिची घळ होते. उतार होताच, पण घळ दरवर्षीच्या पाण्यानं पाडली. मुलाचा जन्मजात कल हा तो उतार. ‘तू लाजाळूच’, ‘तू वांडच’ ही आपली रोजची वाक्यं म्हणजे ते पाणी. शेतकरी उतार बदलू शकत नाही, पण वेळेवर बांध घालू शकतो. शिक्षकाचं आणि पालकाचं काम ते आहे.

हे नुसतं म्हणण्यापुरतं नाही. हार्वर्ड विद्यापीठाचे जेरोम केगन यांनी चार महिन्यांच्या बाळांना हलणारी खेळणी, अनोळखी आवाज, नवे वास असं दाखवलं. साधारण पाचातलं एक बाळ हातपाय झाडून रडू लागलं. यातली बरीचशी बाळं पुढे दोन वर्षांची होईपर्यंत नव्या गोष्टींना बिचकणारी झाली. पण शाळेच्या वयापर्यंत त्यातली थोडीच मुलं अतिशय भित्री राहिली. त्याचबरोबर त्यांतलं क्वचितच कुणी एकदम बिनधास्त झालं. आई-वडिलांच्या वागण्यातही फरक दिसला. जे पालक मुलाला प्रत्येक भीतीपासून उचलून दूर नेत होते, त्यांची मुलं जास्त भित्री राहिली. जे मायेनं पण ठामपणे थोडं थोडं पुढे ढकलत होते, त्यांच्या मुलांची भीती कमी झाली. म्हणजे जन्मजात कल मूल कुठे पोहोचेल ते ठरवत नाही. कुठल्या वाटेवर त्याला चढ लागेल, एवढंच सांगतो.

चांगला स्वभाव, वाईट स्वभाव?

पूर्व आफ्रिकेतल्या मसाई या पशुपालक लोकांमध्ये झालेला एक छोटासा अभ्यास १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे ‘सोपी’ आणि ‘अवघड’ अशी बाळं आधी ओळखून ठेवली होती. मग मोठा दुष्काळ पडला. नंतर जेवढी कुटुंबं सापडली, त्यांत सोप्या सात बाळांपैकी पाच दगावली होती. अवघड सहांपैकी एक सोडून सगळी जगली होती. संख्या लहान आहे, त्यामुळे फार मोठा निष्कर्ष काढू नये. पण आपल्याकडे म्हणतातच, रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही. जो आक्रस्ताळेपणा आपल्या वर्गात ‘सुधारणा आवश्यक’ या रकान्यात जातो, तोच दुसऱ्या जागी जीव वाचवतो.

थॉमस आणि चेस यांनाही अखेर हेच सापडलं. मूल पुढे अडचणीत येईल की नाही, हे त्याच्या स्वभावापेक्षा त्या स्वभावाचा आणि भोवतालच्या अपेक्षांचा मेळ बसतो की नाही यावर जास्त ठरत होतं. अवघड मुलंही, मेळ बसला तर, छान मोठी झाली. सोपी मुलंही, मेळ बिघडला तर, अडखळली.

मग वर्गात करायचं काय?

हळूहळू रुळणाऱ्या मुलाला अचानक उभं करू नका. “उद्या तुला ही कविता म्हणायची आहे” असं आदल्या दिवशी सांगा. आधी शेजाऱ्याला, मग गटात, मग वर्गासमोर अशा पायऱ्या करा. पण पायऱ्या चढायला लावा हे नक्की. “राहू दे, तो लाजतो” म्हणून कायमचं सोडून देणं ही माया नाही.

सतत हालचाल करणाऱ्या मुलाला वह्या वाटायला, फळा पुसायला, पाण्याची घंटा द्यायला लावा. त्याची मधली सुट्टी शिक्षा म्हणून कापू नका. ज्याला पळण्याची सगळ्यात जास्त गरज आहे, त्याचंच पळणं आपण बंद करतो.

चटकन पेटणाऱ्या मुलाशी त्याच्याच पट्टीत बोलू नका. आधी शांत होऊ द्या, नियमाचं नंतर बोला. चटकन लक्ष विचलित होणाऱ्याला खिडकी-दारापासून दूर बसवा आणि गणितं पाच-पाचच्या तुकड्यात द्या.

घरीही हेच. “दादा बघ कसा” हे वाक्य शक्यतो बंद करा. दोन लेकरांना सारखं वागवणं म्हणजे न्याय, असं आपल्याला वाटतं. खरं तर दोघांना ज्याची त्याची गरज ओळखून वागवणं हा न्याय.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला, “मग शिस्त नको का? उद्या प्रत्येक जण म्हणेल माझा स्वभावच असा.” शिस्त हवीच. मारायचं नाही हा नियम सगळ्यांना सारखा. पण त्या नियमापर्यंत पोहोचायची वाट प्रत्येकाची वेगळी. स्वभाव हे वागण्याचं कारण असू शकतं, सवलत नाही.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. “साठ पोरं, दोन वर्ग एकत्र, वर ऑनलाइन माहिती भरायची. हे जमायचं कधी?” सगळ्यांसाठी जमणार नाही, हे मान्य. पण बहुतेक मुलं आपल्या नेहमीच्या शिकवण्यात निभावून नेतात. ज्यांचा मेळ बसत नाही अशी चार-पाच मुलं प्रत्येक वर्गात असतात, आणि ती कोण हे पहिल्या महिन्यात आपल्याला ठाऊक झालेलं असतं. यंदा फक्त त्या चार-पाचांचं बघा. एवढं जमतं.

एक सावधगिरी मात्र हवी. मूल घरी बोलतं आणि शाळेत महिनोन्‌महिने एक शब्दही काढत नाही, किंवा खेळकर मूल एकाएकी मिटून गेलं, तर ‘स्वभाव’ म्हणून गप्प बसू नका. पालकांशी एकांतात बोला, समुपदेशकाकडे किंवा बालरोगतज्ज्ञांकडे पाठवा. आणि आपण स्वतः रोगाचं नाव देऊ नका. ते आपलं काम नाही.

शेवटी नोंदीबद्दल

शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमानं शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी घातली आहे. छडी आपण ठेवून दिली. शब्दांचं काय? ‘आहे’ या एका क्रियापदावर सगळा खेळ आहे. ‘लाजाळू आहे’ म्हटलं की विषय संपतो. त्याऐवजी केव्हा, कुठे, कशानं, हे लिहिता येतं.

‘लाजाळू आहे’ याऐवजी : ‘दोघा-तिघांच्या गटात मोकळेपणानं बोलतो. वर्गासमोर बोलण्यासाठी आदल्या दिवशी सांगितल्यास तयारी करून येतो.’

‘एका जागी बसत नाही’ याऐवजी : ‘हातानं करायच्या कामात वीस मिनिटं रमते. लेखनात मध्ये एखादं काम सांगितल्यास पुन्हा बसून पूर्ण करते.’

‘हट्टी आहे’ याऐवजी : ‘हाती घेतलेलं काम सोडत नाही. काम बदलताना पाच मिनिटं आधी कल्पना द्यावी लागते.’

वेळ थोडा जास्त जातो, पण ही नोंद पुढच्या वर्गाच्या शिक्षकाला कामाची ठरते. ‘लाजाळू आहे’ वाचून त्यानं करायचं काय? आणि मूल जेव्हा ते वाचेल, तेव्हा त्याला आपण काय नाही हे कळण्याऐवजी आपल्याला काय लागतं हे कळेल.

स्वभावाला औषध नाही, हे एका अर्थानं खरंच. कारण स्वभाव हा आजार नाही. जून महिन्यात मूल जो पिंड घेऊन आपल्या वर्गात येतं, तो आपण निवडलेला नसतो, त्यानंही नाही. पुढचे दहा महिने त्याला कसली माती मिळेल, ते मात्र बरंचसं आपल्या हातात आहे. यंदा नोंदी लिहिताना पहिल्या चार-पाच मुलांपासून एवढा एक बदल करून बघा.